कावीळ उतरवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या सोलापूर भागात कावीळ झाली की आजही पहिली धाव झाडपाल्याच्या औषधाकडे असते. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला पोट न दुखता कावीळ चढत जाते, अंगाला खाज सुटते, शौचाचा रंग पांढुरका होतो, वजन घटतं, तेव्हा स्वादुपिंडातल्या कर्करोगाच्या गाठीने पित्तनलिका दाबली गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पथ्यपाण्यात महिना-दोन महिने गेले, तर आत काय घडत असतं?

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक माहिती असलेल्या डीएनएचे गुंडाळलेले धागे, असतात. पेशी दुभंगताना त्यांची नक्कल होते आणि दोन्ही नव्या पेशींना सारखी वाटणी मिळते. कर्करोगात ही वाटणी पुन्हा पुन्हा चुकते. एकीला ४३ येतात, दुसरीला ४९. तुटलेले तुकडे भलतीकडेच जोडले जातात. गुणसूत्रांच्या अशा गोंधळातून कर्करोग उपजतो, हे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ सालीच मांडलं होतं.

स्वादुपिंडाच्या अशा बहुतेक गाठींत पेशीच्या वाढीचा आदेश देणारं केरास हे जनुक, म्हणजे डीएनएचा एक तुकडा, बिघडलेलं असतं. पुढे टीपी५३ हे जनुकही निकामी झालं, की वाटणी चुकलेली पेशी मरायची तीही जगते, वाढते. आणि हे सगळं नेहमी सावकाशच होतं असंही नाही. काही गाठींत एखादं गुणसूत्र एकाच झटक्यात चक्काचूर होतं, असं २०१६ साली दिसून आलं. २०१८ सालच्या संशोधनातली गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते: वाटणीत मागे राहिलेल्या गुणसूत्रांचा डीएनए पेशीद्रवात सांडतो. एरवी तिथे डीएनए सापडणं ही विषाणू शिरल्याची खूण. त्यातून धोक्याचा इशारा उठतो, आणि कर्करोगाची पेशी त्याच इशाऱ्याच्या बळावर दुसऱ्या अवयवात पसरते.

म्हणून अशा काविळीत आधी सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन करून घ्या. गाठ पसरण्याआधी सापडली, तरच शस्त्रक्रियेने ती काढता येण्याची आशा असते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना या रोगाचा धोका जास्त, हेही ध्यानात असू द्या.

काही रुग्णांत मात्र हाच गुणसूत्रांचा बिघाड उपचाराला वाट देतो. बीआरसीए जनुकात जन्मजात दोष असेल, तर गाठीतल्या पेशींना तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. त्यांच्यावर प्लॅटिनमयुक्त औषधं अधिक परिणाम करतात, आणि त्यानंतर काहींना ओलापॅरिबच्या गोळ्या देता येतात. हाच दोष घराण्यात स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगामागेही असू शकतो. तेव्हा आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ते त्यांना सांगा.