आधी पाणी कुठे जातं ते बघा

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बागेत फरसबंद जागा असेल. काळवंडलेली, शेवाळलेली, चार फरश्या डुगडुगणाऱ्या, सांध्यांत तण. ती बघितली की एकच विचार येतो: सगळं उखडून नवीन घालायला हवं. तेवढे पैसे हाताशी नसतात, मग जागा वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. अशा बऱ्याच जागा मी जवळून पाहिल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी फरशी ठणठणीत होती. पाण्याची वाट बिघडली होती.

म्हणून पहिलं काम बिनखर्चाचं. वरच्या अंगाला तीन-चार बादल्या पाणी ओता आणि तिथेच उभे राहा. कुठे थबकतं, कुठल्या सांध्यात गडप होतं, भिंतीकडे तर वळत नाही ना, ते बघा. जिथे डबकं साचेल तिथे खडूने कड आखा. दर मीटरला साधारण दीड सेंटीमीटर उतार पुरतो, पण तो घरापासून दूर जाणारा हवा. खडूच्या त्या रेघेच्या आतच तुम्हाला शेवाळ, काळे डाग आणि हलणाऱ्या फरश्या सापडतील. तुमचे बहुतेक पैसे तेवढ्याच जागेत खर्चायचे आहेत.

आता साफसफाई. इथे मी स्वतः एक मोठी चूक केली आहे, ती सांगायलाच हवी. डाग लवकर निघावेत म्हणून मी एका सिमेंटच्या फरशीवर अ‍ॅसिड ओतलं. फेस आला, डाग गेला, मला आनंद झाला. तो फेस म्हणजे फरशीचाच वरचा थर विरघळत होता. पृष्ठभाग खरखरीत झाला, त्यात ओल धरून राहू लागली आणि पुढच्या पावसात तिथे आधीपेक्षा दाट शेवाळ आलं. चुनखडीच्या दगडाचंही असंच होतं. साधं पाणी, थोडा धुण्याचा सोडा, ताठ खराटा आणि तुमचे दोन हात, एवढ्यात बहुतेक फरशी उजळते. ब्लीच वापरणारच असाल तर पातळ करून वापरा, झाडांपासून लांब ठेवा आणि अ‍ॅसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. जोरदार फवाऱ्याचं यंत्र भाड्याने मिळतं, पण त्याचं तोंड फरशीला चिकटवून धरलं की सांध्यांतली वाळू उडून जाते आणि फरश्या मोकळ्या होतात. रंगाचं थोडक्यात सांगतो: लावू नका. खालून ओल येते आणि पोपडे निघतात.

डुगडुगणाऱ्या फरशीवर टकटक करा, बद्द आवाज येईल. पहारीने हळूच उचलून बघितलीत तर कारण समोरच असतं. खालची वाळू एका कोपऱ्यातून वाहून गेलेली, तिथे मूठभर पोकळी, मुंग्यांनी काढलेले मातीचे कण, एखादं पांढरं मूळ. ती जागा खरवडायची, भर घालून धुम्मसने (माती दाबायच्या जड ठोकळ्याने) ठोकायची, वाळू पसरून फळीने सपाट करायची, फरशी ठेवायची आणि रबरी हातोडीने शेजारच्या फरशीच्या पातळीला आणायची. 60 बाय 60 सेंटीमीटरची, 5 सेंटीमीटर जाडीची सिमेंटची फरशी 40 किलोच्या आसपास भरते, तेव्हा एकट्याने उचलू नका. दर्जा, म्हणजे दोन फरश्यांमधला सांधा, भरताना खाली वाळू असेल तर वरही कोरडी वाळूच खराट्याने सारून भरा. हलणाऱ्या पायावर सिमेंटचे दर्जे भरले की त्यांना तडे जातात. तण मात्र येत राहील. त्याचं बी बहुधा वरून, वाऱ्याबरोबर पडतं. कोवळं असतानाच उपटलं, किंवा त्यावर उकळतं पाणी टाकलं, की पुरे.

पण खरा पालट होतो तो फरशी कमी केल्याने, आणि या कामावर माझा फार जीव आहे. मधल्या किंवा कडेच्या चार-पाच फरश्या कायमच्या काढा. त्यांतल्या चांगल्या फरश्या दुसरीकडच्या फुटक्यांच्या जागी बसवा. त्या त्याच उन्हापावसात मुरलेल्या असतात, त्यामुळे ठिगळ दिसत नाही. नवी फरशी आणलीत तर ती वर्षभर डोळ्यांत खुपते. मोकळ्या झालेल्या चौकोनातली माती इतक्या वर्षांच्या दाबाने विटेसारखी घट्ट झालेली असते. नुसतं वर खत टाकून रोप लावलं तर ते खुरटतं. निदान 30 सेंटीमीटर खणा, वाळू-खडी बाजूला काढा, ढेकळं फोडा, कुजलेलं खत मिसळा. खणण्याआधी खालून पाइप किंवा विजेची तार गेली आहे का, ते नक्की विचारून घ्या. आणि हे चौकोन भिंतीला खेटून नकोत, उताराच्या खालच्या बाजूला हवेत. म्हणजे पूर्वी जिथे डबकं व्हायचं तिथलं पाणी झाडाला मिळतं. दिवसभर तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत धग सोडते, त्यामुळे कडेला लावायला चिनीगुलाबासारखी ऊन सोसणारी, बसकी झाडं घ्या. एका चौकोनात वेल लावून तो मांडवावर चढवलात तर दोनेक वर्षांत सावलीच मिळेल.

कुंड्यांबद्दल मला नेहमी विचारतात. पंधरा लहान कुंड्यांऐवजी तीन मोठ्या ठेवा. लहान कुंडी तापलेल्या फरशीवर एका दुपारीत सुकते. आणि तळाशी खडे घालायची सवय सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं आणि मुळांची जागा मात्र कमी होते. कुंडीला भोक हवं, आणि ती फरशीवर टेकून भोक बुजू नये म्हणून खाली विटेचे तीन तुकडे ठेवा.