पुरवठा कशासाठी?

(लातूरमध्ये वाणिज्य-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, सप्लाय चेन, म्हणजे पुरवठ्याची साखळी म्हटलं की तुमच्या वहीत खर्च, वेळ आणि साठा एवढं हमखास येतं. हे सगळं कशासाठी, हा प्रश्न परीक्षेला येत नाही. अ‍ॅरिस्टॉटलनं मात्र नीतिशास्त्राची सुरुवातच तिथून केली. लगाम बनवायचा घोडेस्वारीसाठी, घोडेस्वारी युद्धासाठी, युद्ध विजयासाठी. त्याच्या उतरंडीत वर सेनापती होता. आपल्या साखळीत तो कोण, विचारून बघा. जो तो पुढच्याकडे बोट दाखवेल.

लातूरकरांना मी ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वे काय सांगणार! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून १० वाघिणींची, म्हणजे टाकीच्या डब्यांची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. वाघिणी एरवी तेल वाहणाऱ्या, राजस्थानात कोट्याला वाफेनं धुतलेल्या. लिटरमागे खर्च काढत बसलं असतं, तर ती गाडी सुटलीच नसती. पण रेल्वेचं काम स्टेशनात संपलं. पुढं विहीर, शुद्धीकरण, टँकर. कागदावर पाणी पोचलं होतं. घागर घेऊन नंबरात उभ्या बाईच्या लेखी ते अजून यायचं होतं. आणि ज्या मांजरा खोऱ्यात धरण आटलं, तिथंच आपण वर्षानुवर्षं ऊस लावत आलो, हेही बोललं पाहिजे.

उसाचंच बघा. तोडल्यावर ऊस जितका पडून राहील तितका साखरेचा उतारा घटतो. म्हणून तोड, गाडी, काटा, गव्हाण असा सगळा धावता कारभार. कारखान्याच्या बाजूनं बघितलं तर झकास नियोजन! त्या घाईचा भार मात्र बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यावर. आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चून झालेली, मजूर आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे हिशेबाला दोघं मिळून एकच. गाडी रात्री दोनला लागली तरी उठून मोळ्या डोक्यावर घ्यायच्या. खाडा झाला की पैसे कापले.

जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८५ मध्ये लिहिलं की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. मजुरी देऊन काम करून घ्यायला त्याची हरकत नाही; त्या माणसाचेही काही हेतू आहेत, हे धरून चला एवढंच त्याचं म्हणणं. बाईचं दुखणं, पोराची शाळा वहीत कुठं लिहिणार? बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तोवर टनांचा हिशेब मात्र चोख होता.

‘सर, पैसे कोण देणार?’ असं आताच मागून कुणीतरी विचारलं. रास्त आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांवर टनामागे १० रुपयांचा भार ठेवला गेला. म्हणजे कामगाराचा खर्च टनाच्या दरात धरता येतो. ते १० रुपये पुरतात का, हे तुम्ही कारखान्यात लागाल तेव्हा काढा. माझ्या मते पुरत नाहीत. आणि आकडेमोड करताना मुकादमाच्या वहीवर जाऊ नका, फडात जाऊन बायकांना विचारा.