पडद्यावरचा रफार

मंडळी, 'मूर्तींना' हा शब्द जरा डोळ्यांसमोर आणा. 'ती'वर दीर्घ वेलांटी, तिच्या टोकाला रफार आणि त्याला अगदी खेटून अनुस्वार. एका देवस्थानाच्या स्मरणिकेत हा शब्द माझ्या हातून अनुस्वाराशिवाय छापला गेला. हजार प्रती. प्रूफ मी दोनदा वाचलं होतं, पण दोन्ही वेळा पडद्यावर. २४ इंची फुल एचडी मॉनिटर, पान पूर्ण दिसेल एवढं लहान केलेलं. तिथं वेलांटी, रफार, अनुस्वार यांचा मिळून एक काळा ठिपका झाला होता. अनुस्वार आहे असं मी धरून चाललो. चूक माझीच. पण त्या दिवसापासून मी पडद्यांचा हिशेब करायला लागलो.

हिशेब सोपा आहे. २४ इंची फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजेच पिक्सेल. एका इंचात साधारण ९२. आपल्या डीटीपीवाल्यांचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्यांचा, जुना लेझर प्रिंटरसुद्धा इंचाला ३०० ठिपके टाकायचा, म्हणजे तिपटीहून जास्त. आता १२ पॉइंटचं अक्षर (इंचात ७२ पॉइंट) छापील मापात या पडद्यावर आणा. त्याला वरपासून खालपर्यंत मिळतात जेमतेम १५ ठिपके. इंग्रजीतले a, e, o मधल्या मजल्यावर आरामात राहतात. आपली देवनागरी तीन मजली. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. मध्ये अक्षराचं अंग. तळाला उकार आणि जोडाक्षरांचे पाय. 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' पंधरा ठिपक्यांत बसवून दाखवा. त्यातून 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक तो केवढा!

अशा पडद्यांवर ज्यांनी देवनागरी वाचनीय केली त्यांना मी मनापासून मानतो. अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा 'मंगल' हा देवनागरी फाँट विंडोज २०००बरोबर आला. पुढे अनेकांनी त्याला नावं ठेवली, मीही ठेवली. पण शिरोरेघेला एखादा ठिपका मिळणार, एवढ्याच भांडवलावर तो उभा होता हे आपण विसरतो.

२००१ साली विंडोज एक्सपीत पडद्यावरची अक्षरं रेखीव करणारं क्लिअरटाइप आलं. युक्ती झकास होती. एलसीडीचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरल्या की आडव्या दिशेला बारकावा वाढतो. रोमन अक्षरांच्या उभ्या दांड्यांना त्याचा चांगला फायदा झाला. आपली गर्दी मात्र उभ्या दिशेला, एकावर एक. तिथं ही युक्ती तोकडी पडली. आपल्याला खरेखुरे जास्त ठिपकेच हवे होते.

आणि गंमत बघा, तसा पडदा त्याच वर्षी तयार होता. आयबीएमनं २००१ मध्ये टी२२० आणि मग टी२२१ हे मॉनिटर आणले. २२ इंचांच्या आसपास आकार, ३८४० गुणिले २४०० ठिपके, इंचाला २०४. आजचे बहुतेक ऑफिसातले मॉनिटर त्याच्यापुढे भरड वाटतील. पण एवढे ठिपके हलवायचे कसे? एका केबलनं भागेना, चारपर्यंत केबली लावाव्या लागत, आणि तरी चित्र सेकंदाला ४१ वेळाच बदले. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोरसारख्या प्रयोगशाळेचं काम त्यानं केलं, डीटीपीच्या दुकानापर्यंत तो कधी आला नाही. असा बारकावा लोकांच्या हातात आला तो आधी फोनमधून. २०१० चा आयफोन ४, इंचाला ३२६ ठिपके. टेबलावर यायला २०१४ उजाडलं: २७ इंची फाइव्ह-के (आडवे पाच हजारांवर ठिपके) आयमॅक, इंचाला २१८.

मग किती पुरे? चांगल्या नजरेला साधारण एक कला एवढं अंतर वेगळं दिसतं. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पंचांग बघणाऱ्यांना सांगायला नको. आपण पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसतो. तिथं एक कला म्हणजे ०.१७ मिलिमीटर. २४ इंची फुल एचडीचा ठिपका ०.२८ चा, म्हणून डोळ्याला त्याची दातेरी कड कळते. २७ इंची फोर-केचा, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांच्या पडद्याचा, ०.१६ च्या आत, तिथं कड विरघळते. माझ्या चष्म्यासह हे गणित जुळतं का, ते सोडा. ज्यांना नुसते सिनेमे बघायचे आहेत त्यांनी या भानगडीत पडलंच पाहिजे असं नाही.

फोर-के घेतल्यावर पहिल्या दिवशी हमखास तक्रार येते: अक्षरं मुंगीएवढी झाली! सेटिंगमध्ये स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण, १५० टक्के करा. मावणारा मजकूर मग २५६० गुणिले १४४० च्या पडद्याएवढाच राहतो, पण प्रत्येक अक्षराला सव्वादोन पट ठिपके मिळतात. पैसे त्याचेच मोजायचे.

आपल्यातले काही जण अजून पेजमेकर हा पानं जुळवायचा जुना प्रोग्राम चालवतात, मला माहीत आहे, हसू नका. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला स्केलिंग कळत नाही, म्हणून विंडोज तिचं चित्र ताणून मोठं करतं आणि सगळं धुरकट दिसतं. मॉनिटर परत करायला धावू नका. त्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयची, म्हणजे दाट ठिपक्यांच्या पडद्यांसाठीची, सोय आहे. ती बदलली की पान लख्ख होतं, मेनू मात्र बारीक होतात. दोन्ही एकदम मिळत नाही.

आणि केबल! मी खणातली जुनी एचडीएमआय केबल लावली. कर्सर चिखलातून चालल्यासारखा. सेकंदाला साठऐवजी तीसच चित्रं येत होती. फोर-के साठ वेळा पाठवायला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, कॉम्प्युटरकडूनही आणि मॉनिटरकडूनही. मॉनिटर घेण्याआधी कॉम्प्युटरची मागची बाजू बघून या.

दुकानात धबधबे आणि पोपट दाखवतात. पोपट कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतो. पेन ड्राइव्हवर आपल्या पानाची पीडीएफ न्या, नऊ पॉइंटात 'मूर्तींना' टाइप केलेली. पान खऱ्या मापात उघडा, खुर्ची मागून घ्या, हातभर अंतरावर बसा आणि अनुस्वार शोधा. दुकानदार विचित्र नजरेनं बघतो. माझ्याकडे तर बघितलंच, आणि मग स्वतःही वाकून अनुस्वार शोधायला लागला.