चार महिन्यांची मुदत

[दृश्य : माळरान, त्यावर एकसारख्या विटकरी इमारतींच्या रांगा]

माद्रिदपासून दक्षिणेला साधारण ३५ किलोमीटरवर, तोलेदो प्रांतातल्या सेसेन्या गावाबाहेर या इमारती उभ्या आहेत. येथे तेरा हजारांहून अधिक घरांची वसाहत व्हायची होती. पाच हजारांच्या आसपास घरे बांधून झाली आणि २००८ साली स्पेनमधील बांधकामाचा फुगा फुटला. पुढे कित्येक वर्षे यांतील असंख्य खिडक्यांमागे दिवा लागला नाही. आपला विषय मात्र ही घरे नसून अशी घरे बांधायला गेलेली मुले हा आहे.

त्या तेजीच्या दिवसांत सोळाव्या वर्षी शाळा सोडून परांचीवर चढणे, विटा रचणे, फरशा बसवणे यात कोणाला काही गैर वाटत नसे, कारण हातात रोख मजुरी लगेच येत असे आणि शाळेचा उपयोग दूरचा वाटत असे. २००८ मध्ये स्पेनमधील १८ ते २४ वयाच्या दर दहा तरुणांमागे सुमारे तिघे उच्च माध्यमिक टप्पा पूर्ण न करताच शिक्षणाबाहेर पडलेले होते. कामे थांबली तेव्हा त्यांच्याकडे ना रोजगार राहिला, ना दुसरीकडे दाखवायला एखादे प्रमाणपत्र. २०१३ मध्ये २५ वर्षांखालील बेरोजगारीचा दर स्पेनमध्ये ५५ टक्क्यांच्या आसपास होता आणि ग्रीसमध्ये तो ५८ टक्क्यांच्या घरात गेला. हा दर सगळ्या तरुणांवर काढत नाहीत. जे काम करत आहेत किंवा काम शोधत आहेत, त्यांच्यापुरताच तो असतो. म्हणजेच ज्यांनी शोधणेही सोडून दिले, ते या आकड्यात धरलेलेच नाहीत.

अशा मुलांसाठी स्पेनमध्ये ‘नी-नी’ हा शब्द रूढ झाला : ना शिकतो, ना काम करतो. युरोपच्या सरकारी कागदपत्रांत त्यांना ‘नीट’ म्हणतात. आपल्याकडे या नावाने वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आठवते. तेथे मात्र शिक्षण, नोकरी आणि प्रशिक्षण या तिन्हींच्या बाहेर राहिलेल्या तरुणांच्या वर्णनातील इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द आहे. या वर्गाचे २०११ या एका वर्षातले आर्थिक ओझे युरोपीय संघाच्याच एका संशोधन संस्थेने सुमारे १५३ अब्ज युरो इतके मोजले होते. घरात बसून राहिलेल्या मुलाच्या मनावर काय ओझे असते, ते कोणत्याही कोष्टकात मावणारे नाही.

[दृश्य : ब्रसेल्स, परिषदेची इमारत]

२२ एप्रिल २०१३ रोजी युरोपीय संघाच्या परिषदेने ‘युवा हमी’ची शिफारस स्वीकारली. शिक्षण संपल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांच्या आत २५ वर्षांखालील प्रत्येकाला चांगल्या दर्जाची नोकरी, पुढचे शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी एक प्रस्ताव मिळावा, असे तिचे स्वरूप होते. कल्पना नवी नव्हती. स्वीडनने १९८४ मध्येच असा प्रयोग सुरू केला होता. २०२० मध्ये वयोमर्यादा २९ पर्यंत वाढवण्यात आली.

हमी हा शब्द महाराष्ट्राला चांगला परिचयाचा आहे. १९७७ च्या आपल्या रोजगार हमी कायद्यात मजुराने काम मागायचे आणि शासनाने पंधरा दिवसांत ते द्यायचे, असा सरळ व्यवहार होता. युरोपची हमी कामाची नसून प्रस्तावाची आहे, आणि शिफारस असल्यामुळे तिच्या जोरावर न्यायालयात जाता येत नाही. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : मागणाऱ्याला आधी समोर यावे लागते. युरोपची गाडी नेमकी येथेच अडली.

बहुतेक देशांत चार महिन्यांची मोजणी सुरू होते ती तरुणाने सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवल्यानंतर. पण ज्याला शाळेने नापास ठरवले, ज्याचे पहिले काम तीन महिन्यांच्या कंत्राटावर संपले, ज्याच्या अर्जांना उत्तरसुद्धा आले नाही, तो आणखी एका खिडकीसमोर रांगेत का उभा राहील? पहिल्या काही वर्षांत संघातील अशा तरुणांपैकी निम्म्याहून कमी जण या योजनेच्या नोंदीत होते. युरोपच्या लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये सात देशांची पाहणी करून स्पष्ट लिहिले, की यांपैकी एकाही देशाला सर्व गरजू तरुणांपर्यंत चार महिन्यांत संधी पोचवता आलेली नाही. हमी खोटी होती, असे मला वाटत नाही. ती कार्यालयात बसून राहिली.

[दृश्य : फ्रान्समधील एका उपनगरातील तळमजल्यावरचे कार्यालय, काचेचे दार]

कार्यालयाबाहेर पडण्याचा विचार फ्रान्समध्ये बराच आधी झाला होता. १९८१ मध्ये शिक्षणतज्ज्ञ बर्त्राँ श्वार्त्स यांनी पंतप्रधान पिएर मोर्वा यांना एक अहवाल दिला. त्याचे सार असे, की तरुणाचा प्रश्न एकेका खात्यात वाटून सुटत नाही. राहायला जागा नसेल तर तो सकाळी मुलाखतीला कसा पोचेल? दात दुखत असेल, बसभाड्याला पैसे नसतील, तर प्रशिक्षण कसे टिकेल? त्या अहवालातून १९८२ मध्ये ‘मिस्यों लोकाल’ ही स्थानिक केंद्रे उभी राहिली. आज ती देशभर चारशेहून अधिक आहेत.

तेथील पहिली भेट पाहण्यासारखी असते. टेबलावर अर्ज असतो, पण समुपदेशक तो लगेच भरायला घेत नाही. रात्री कुठे झोपतोस, डॉक्टरकडे शेवटचे कधी गेला होतास, वाहन चालवण्याचा परवाना आहे का, असे प्रश्न आधी येतात. शेवटचा प्रश्न किरकोळ नाही : जेथे कारखाना गावाबाहेर आहे आणि पहाटेच्या पाळीला बस नाही, तेथे परवाना नसणे म्हणजे नोकरी नसणे. एकच समुपदेशक पुढचे कित्येक महिने त्याच तरुणाला भेटत राहतो, हा या व्यवस्थेचा कणा आहे.

२०१३ मध्ये दहा भागांत सुरू झालेली आणि २०१७ पासून देशभर लागू झालेली फ्रान्सची स्वतःची युवा हमी याच केंद्रांतून राबवली गेली. गटाने एकत्र बसून केलेले पहिले काही आठवडे, मग छोट्या छोट्या कामांचा प्रत्यक्ष अनुभव, आणि या काळात हातखर्चाला दरमहा भत्ता, अशी तिची रचना होती. मार्च २०२२ मध्ये तिची जागा नव्या करारपद्धतीने घेतली. त्यात आठवड्याला किमान पंधरा ते वीस तासांची बांधिलकी अपेक्षित असते. भत्त्याने मुले आळशी होतील, अशी भीती तेथेही व्यक्त झाली. मला ती पटत नाही. खिशात पैसे नसलेला मुलगा जे मिळेल ते काम पकडतो आणि महिन्याभरात सोडतो. चार दिवस निश्चिंत मिळाले, तर तो स्वतःला जमेल ते निवडू शकतो.

मार्सेय शहराच्या उत्तर भागात, जुन्या कत्तलखान्याच्या आवारात, १९९७ मध्ये ‘दुसऱ्या संधीची शाळा’ उघडली. माजी फ्रेंच पंतप्रधान एदित क्रेसों या युरोपीय आयुक्त असताना १९९५ मध्ये मांडलेल्या श्वेतपत्रिकेत या शाळांची कल्पना होती. येथे प्रवेशासाठी गुणपत्रिका लागत नाही आणि शेवटी पदवीही मिळत नाही. काही आठवडे वर्गात, काही आठवडे एखाद्या बेकरीत, गॅरेजमध्ये किंवा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात, असे चक्र चालते. गणित शिकवायचे ते कणकेचे माप घेताना लागणाऱ्या प्रमाणातून. जो मुलगा फळ्यासमोर गप्प बसत असे, तो तराजूसमोर बोलू लागतो.

जर्मनीत हेच काम उमेदवारीची जुनी पद्धत करते. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात किंवा दुकानात, उरलेले व्यवसाय-शाळेत, आणि या साऱ्या काळात विद्यावेतन. ‘आउसबिल्डुंग’ हा तिचा जर्मन शब्द आता पुण्यातील जर्मनच्या वर्गांतही ऐकू येतो, कारण महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आहे. या वर्गांतील मुलांनी स्पेनचा अनुभव जरूर ऐकावा. २०१३ मध्ये जर्मन सरकारने दक्षिण युरोपातील बेरोजगार तरुणांना उमेदवारीसाठी बोलावले, भाषेचे वर्ग आणि प्रवासखर्चही दिला. तरीही अनेक जण अर्ध्यावर परतले. रिकाम्या जागा होत्या, काम करणारे हातही होते. पण फोरमनची बोली समजणे, लहान गावातला एकटा रविवार काढणे, याची तयारी काही महिन्यांत होत नाही.

[दृश्य : फिनलंड, हिवाळी संध्याकाळ, जिन्यातला दिवा]

आता उत्तरेकडे. फिनलंडच्या शहरांत ‘ओह्यामो’ नावाची केंद्रे आहेत. या शब्दाचा अर्थ चालकाची केबिन. तीस वर्षांखालील कोणीही वेळ न ठरवता आत येऊ शकतो, आणि रोजगार अधिकारी, समाजसेवक, परिचारिका अशी माणसे एकाच छताखाली भेटतात. तरीही जो येतच नाही त्याच्यासाठी तेथे आणखी एक काम आहे, ‘एत्सिवा’, म्हणजे शोधणारे युवाकार्य. २०११ पासून त्याला कायद्याचा आधार आहे. एखाद्याने शिक्षण अर्धवट सोडले किंवा लष्करी सेवेतून तो मुदतीआधी परतला, तर ती माहिती या कार्यकर्त्यांपर्यंत पोचते. त्यांच्याकडे सक्तीचा कोणताही अधिकार नाही. तरुणाने नको म्हटले, तर नको.

पडद्यावर दिसणारी कार्यकर्ती तिसऱ्या मजल्यावर पोचली आहे. तिने बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झटकला आहे आणि घंटा वाजवली आहे. आतून दूरचित्रवाणीचा आवाज येतो, मग तो बंद होतो. दार उघडत नाही. ती थोडा वेळ थांबते, पिशवीतून कागद काढते, त्यावर आपले नाव, दूरध्वनी क्रमांक आणि पुढच्या मंगळवारची वेळ लिहिते, आणि कागद दाराच्या फटीतून आत सरकवते.

मंगळवारी, त्याच वेळी, ती पुन्हा त्या जिन्यात आहे.