काठावरच्या खाचा

(दृश्य : पहाट. उसाच्या फडांमधली पायवाट.)

सातारा जिल्ह्यातलं लिंब. कृष्णाकाठचं गाव. या वाटेवरून चालताना पुढे काही आहे असं वाटतही नाही. ऊस, बांध, परत ऊस. आणि मग एकदम पायाखाली पायऱ्या सुरू होतात.

(दृश्य : पायऱ्या, कमान, आतला अंधार.)

आधी गारवा लागतो. मग कमान येते. डोळे सरावले की भिंतीवरचे शरभ, सिंहासारखे काल्पनिक पशू, दिसायला लागतात. ही बारामोटेची विहीर. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून दुसरी, आणि दोन्हींच्या मधोमध, पाण्याच्या अंगावर, चक्क एक महाल.

(दृश्य : वरून विहीर. शिवपिंडीचा आकार.)

वरून पाहिलं की पिंडीचा आकार दिसतो. हा फोटो आता सगळ्यांकडे आहे. आम्हीही तोच घेतला, पहिल्याच दिवशी, भर दुपारी. त्या दिवशी काढलेले फोटो रात्री बघत बसलो तेव्हा लक्षात आलं, विहीर आली होती, पण मोट, बैलांनी पाणी ओढायची ती, कुठेच आली नव्हती. जिच्या नावानं विहीर ओळखली जाते, तीच नाही.

(दृश्य : थारोळी, दगडी काठ.)

दुसऱ्या खेपेला म्हणून वर, काठावर गेलो. गावात सांगतात, जागा पंधरा मोटांची, चालायच्या बारा. काठाशी उभं राहून खाली बघा. प्रत्येक जागेवर एक बैलजोडी, एक मोटकरी, आणि सगळ्यांचं पाणी पाटाला. हे डोळ्यांपुढे आणायला माहीतगार माणूस लागतो.

(दृश्य : गावाबाहेरची एक साधी विहीर. धोतर नेसलेले आजोबा.)

तो माणूस इथे भेटला. या विहिरीला ना कमान, ना शिलालेख, ना पाटी. आजोबांनी ऐंशी ओलांडलीत. पोरवयात त्यांनी याच विहिरीवर मोट हाकली. आम्ही विचारलं तशी ते उठले आणि हातांनीच मोट चालवून दाखवायला लागले. हात बघा.

(दृश्य : आजोबांचे हात, जवळून. निवेदन सावकाश.)

मोट चामड्याची. वर रुंद तोंड, खाली निमुळती सोंड. तोंडाला बांधायचा तो नाडा, जाड दोर. तो वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाला जातो. सोंडेला बांधायचा तो सोंदूर, बारीक दोर. बैल धावेवरून, म्हणजे उतारावरून, खाली निघाले की दोन्ही दोर बरोबर ओढले जातात. सोंड दुमडून वर धरलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठावर आली की सोंदूर सोंडेला पुढे, थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओढतो, आणि भसकन पाणी मोकळं होतं. माणसानं हात लावावा लागत नाही. मोटकरी नाड्यावर बसून जातो, त्याचंही वजन कामाला येतं. मग बैल उलट पावलांनी धाव चढतात आणि मोट परत पाण्यात.

आजोबा म्हणाले, "बैलाला सांगाय लागत न्हाय. मोट भरली की त्याला आपसूक कळतंय."

पुढे इंजिन आलं, विजेचा पंप आला, मोटा थांबल्या, कितीतरी विहिरी गाळानं भरल्या.

(दृश्य : मेणवली. घाट, धुणं, घंटा.)

वाईजवळ मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट. घाटावरची ही घंटा 1707 सालची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर ती इथे आली. घंटेला फोटोंची कमी नाही. खाली पायरीवर धुणं धुणाऱ्या बायकांना मात्र फोटो काढणारे दर वेळी जरा बाजूला व्हायला सांगतात. घाट मोकळा हवा असतो त्यांना. अहो, घाट बांधला तो पाण्यापर्यंत उतरण्यासाठीच ना?

आम्ही परवानगी विचारली. मावशी म्हणाल्या, "काढा की. पण पिळा घालताना नको, झटकताना काढा." हा तो फोटो.

(दृश्य : झटकलेलं लुगडं, उडालेले थेंब. इथे निवेदन नाही.)

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली. त्या शतकात देवळांची, लेण्यांची जी छायाचित्रं निघाली, त्यांतल्या कित्येकांत खांबाशेजारी एक माणूस उभा दिसतो. मापासाठी. तो कोण, कुठला, काय करायचा, कुणी लिहून ठेवलं नाही.

(दृश्य : शिलालेखावर बाजूनं पडणारा विजेरीचा उजेड.)

म्हणून आम्ही एक वही ठेवतो. गाव, तालुका, तारीख, वास्तूचं तोंड कुठल्या दिशेला. आणि तिथल्या माणसाच्या तोंडचा शब्द, तो म्हणेल तसा. शिलालेखावर खडू घासत नाही, तेल किंवा रंग तर नाहीच. विजेरी बाजूला, दगडाच्या अगदी लगत धरायची. उजेड तिरपा आला की सावल्या अक्षरं उचलून धरतात. सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर गेलात तर पुष्कळदा विजेरीही लागत नाही.

(दृश्य : साध्या विहिरीचा काठ. तिरपं ऊन. दगडातल्या खाचा.)

अशाच तिरप्या उन्हात आजोबांच्या विहिरीच्या काठावर या खाचा दिसल्या. बोट आत बसेल एवढ्या खोल. कडा गुळगुळीत. फोटोखाली आम्ही लिहिलं : 'नाड्यानं पडलेल्या खाचा.'

(दृश्य : आजोबांच्या हातात छापलेला फोटो.)

महिन्याभरानं फोटो घेऊन गेलो. आजोबांनी तो लांब धरला, मग जवळ आणला. खालची ओळ नातीकडून वाचून घेतली. मान हलवली.

"नाडा चाकावरनं जातोय. दगडाला लागतोय त्यो सोंदूर."

नातीनं पेन काढलं आणि शब्द खोडला.

(दृश्य : फोटोखालची दुरुस्त केलेली ओळ.)