रस्ता सांगता येत नाही तेव्हा

(दादरच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माझी ओळख करून देताना आत्ता 'जगप्रवासी' असा शब्द वापरला गेला. तो आधी खोडते. निवृत्तीनंतर मी एकटीने तीन प्रवास केले आणि त्यातला एकच परदेशातला, जॉर्जियाचा. त्याआधी 34 वर्षं एका सरकारी खिडकीमागे बसले होते. "फॉर्म नीट भरून आणा. पुढचा!" एवढंच माझं जगाशी संभाषण. हा तपशील पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

जॉर्जियन लिपीत 33 अक्षरं आहेत, सगळी गोल आणि वळणदार. पहिल्या दिवशी मला कानडी पाट्या बघतेय असंच वाटलं. त्यांच्या लेखनपरंपरेला 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. पण मला बसवरची पाटी वाचता येईना, त्याचं काय? भाषाही अशी की आपल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं नाही. आणि तरी गंमत बघा, साध्या बोलण्यात होकाराला ते 'हो' म्हणतात! निव्वळ योगायोग. पण राजधानी तिबिलिसीच्या बाजारात टोमॅटोवाली बाई "हो, हो" म्हणाली आणि मी तिच्याशी भडाभडा मराठीत बोलत सुटले. ती बिचारी ऐकत राहिली.

तिथे दिदुबे नावाचं बसस्थानक आहे. आपलं कुर्ला नेहरूनगर समजा, फक्त त्याहून जास्त गोंधळ. तिथून मार्शुत्का सुटतात. मार्शुत्का म्हणजे मिनीबस, पण स्वभावाने आपलं वडाप. भरली की निघाली. मला जायचं होतं कझबेगीला, म्हणजे कॉकेशसच्या डोंगरात, रशियाच्या सीमेजवळ. गावाचं आताचं नाव स्तेपान्त्समिंदा, पण लोक कझबेगीच म्हणतात. माझ्या हातात चिठ्ठी होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरात मी गावाचं नाव लिहून ठेवलं होतं. देवनागरीत! हसा, हसा. मीसुद्धा हसले, पण परत आल्यावर.

एका टॅक्सीवाल्याने हातवारे करून सांगितलं की मार्शुत्का नाही, माझ्याच गाडीतून चला. तो खोटं बोलत होता. अशी माणसं सगळीकडे असतात, त्यांचा मला राग नाही. तेवढ्यात चुर्चखेला विकणारी एक बाई उठली. चुर्चखेला म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या रसाच्या दाट लापशीत बुडवून वाळवतात. दिसतात थेट मेणबत्त्यांसारखे. तिने माझ्या तोंडून 'कझबेगी' ऐकलं, माल तसाच उघडा टाकला आणि माझं मनगट धरलं. रस्ता ओलांडताना पोराचं धरतात तसं. चार रांगा ओलांडून तिने मला गाडीत नेऊन बसवलं. मी पैसे काढले तर तिचा चेहरा पडला. मी ते पुन्हा पुढे केले, तेव्हा ती वळून चालू लागली. तिची मदत घ्यायचीही मला अक्कल नव्हती.

प्रवास साधारण तीन तासांचा. गावाच्या वर 14व्या शतकातलं गेर्गेतीचं चर्च आहे आणि त्याच्या मागे 5,000 मीटरहून उंच कझबेग शिखर. त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, ते वर्णन सोडून देते. मी वर बसून राहिले, ढग हटायची वाट बघत. ढग हटले, पण मी चौकात उतरले तेव्हा तिबिलिसीची शेवटची मार्शुत्का गेली होती. अंधार पडत होता, थंडी होती आणि फोनमध्ये जेमतेम चार टक्के चार्ज.

कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली आजी शटर ओढत होती. मी म्हटलं, "तिबिलिसी?" ती म्हणाली, "आरा." म्हणजे नाही. मग तिने काहीतरी लांबलचक सांगितलं, मला कळलं नाही. तिने ते पुन्हा सांगितलं, पुन्हा कळलं नाही. मग ती बोलायची थांबली. शटरला कुलूप घातलं, माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि चालायला लागली.

हे असं गोड गोड सांगते आहे, पण तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तिच्या घरी पोचल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर फोन चार्जिंगला लावून मुलाला पत्ता पाठवला. एकटीने जाणाऱ्या बायांनो, एवढं कराच.

चीज भरलेली गरम खाचापुरी खाल्ली. भिंतीवर एका मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो होता. आजी बोट दाखवून म्हणाली, "मामा." मला भरून आलं. म्हटलं, हिलाही मामाने वाढवलेलं दिसतंय. मी माझ्या भावाचा फोटो दाखवला आणि 'माझ्या मुलाचा मामा' असं खुणेने समजावलं. आम्ही दोघींनी डोळे पुसले. तिबिलिसीला परतल्यावर कळलं की जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे वडील! आणि आई म्हणजे 'देदा'. म्हणजे माझ्या भावाला मी त्या रात्री काय करून ठेवलं, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

सकाळी तिने मला गाडीत बसवलं आणि ड्रायव्हरला काहीतरी बजावलं. त्यातला 'इंदोएती' एवढा शब्द कळला, म्हणजे भारत. दिदुबेला उतरल्यावर तो ड्रायव्हर मला मेट्रोच्या दारापर्यंत सोडून आला.

मी नंतर विचार करत राहिले, ही माणसं माझ्याबरोबर चालत का आली? मला जॉर्जियन येत असती, तर चुर्चखेलावालीने बसल्या जागी सांगितलं असतं, 'चार रांगा सोडून, पांढरी गाडी'. आजीने सांगितलं असतं, 'पुढे गेस्टहाऊस आहे, जा'. मी आभार मानून गेले असते. सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांना उठावं लागलं.

आता आपलं दादर स्टेशन. डिसेंबर 2023 पर्यंत इथे वेस्टर्न रेल्वेचा एक नंबर फलाट वेगळा आणि सेंट्रलचा एक नंबर फलाट वेगळा होता. मग सेंट्रलचे फलाट 8 ते 14 झाले. आपल्याला ते अजून अंगवळणी पडायचं आहे, बाहेरच्या माणसाचं काय होत असेल! गेल्या हिवाळ्यात पुलावर एक नवराबायको उभे होते. हातात जाडजूड फाईल, भाषा फक्त बंगाली. परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं होतं. 1941 पासून अशा फायली घेऊन देशभरातून माणसं तिथे येतात. मी हिंदीत सांगितलं, "सेंट्रल पे जाओ, स्लो पकडो, फास्ट नहीं, पहला स्टेशन परेल." त्यांना कळलं नाही. मग मी तेच मोठ्याने सांगितलं. भाषा न कळणाऱ्याला आपण बहिरा का समजतो, देव जाणे. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मला माझा खिडकीमागचा आवाज ऐकू आला: फॉर्म नीट भरून आणा.

मला रुपारेल कॉलेजजवळ बहिणीकडे जायचं होतं. तिला फोन केला की उशीर होईल. स्लो पकडली, परळला उतरलो, पूल उतरून केईएम हॉस्पिटलच्या बाजूने चालत गेलो. त्या बाईंनी वाटेत एकदाच "दीदी" म्हटलं आणि पुढचं काही मला कळलं नाही. मी "हो, हो" म्हणत राहिले.

गेटपाशी त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेला मुरमुऱ्याचा लाडू काढून पुढे केला. माझा हात 'नको, नको' करायला वर गेलाच होता. मग चुर्चखेलावालीचा पडलेला चेहरा आठवला आणि मी लाडू घेतला, त्यांच्यासमोरच खाल्ला. प्रवासात मऊ पडला होता, पण गूळ चांगला होता.