करारातली आपली बाजू

नमस्कार मंडळी.

आपल्यापैकी बहुतेकांनी या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आहे. न्यूझीलंडच्या राजाशी, काहींनी तेव्हाच्या राणीशी, एकनिष्ठ राहण्याची. त्याच राजसत्तेने १८४० मध्ये वाइटांगी या गावी माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, प्रमुखांशी करार केला. आपल्या जमिनीवर आणि गावांवर त्यांचाच अधिकार राहील, असं वचन त्या कराराच्या माओरी मजकुरात आहे. म्हणून "ते त्यांचं आणि गोऱ्यांचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा" असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. शपथ घेतली त्या दिवशी आपण करारातल्या एका बाजूला जाऊन उभे राहिलो.

आपल्या ऑकलंडचंच बघा. इथल्या ङाटी फाटुआ या माओरी जमातीच्या लोकांनी १८४० मध्ये राजधानी वसवायला सुमारे ३००० एकर जमीन दिली. त्यांच्या लेखी ते नातं जोडणं होतं, सरकारच्या लेखी खरेदी. त्यातली जेमतेम ४४ एकर सरकारने काही महिन्यांतच २४,२७५ पौंडांना विकली. मग आलं माओरींच्या सामाईक जमिनी एकेकाच्या नावावर करणारं जमीन न्यायालय. सामाईक जमिनीवर एकेकाची नावं चढली की ती कशी हातची सुटत जाते, हे सातबारा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमधल्याच ओकाहू बे या किनाऱ्यावरची त्यांची वस्ती हलवून घरं जाळली गेली. शेवटी हाती राहिली ती दफनभूमी.

वर बॅस्टियन पॉइंटच्या टेकडीवर सरकारला महागडी घरं बांधायची होती. जानेवारी १९७७ मध्ये ङाटी फाटुआंचे नेते जो हॉक आणि त्यांची माणसं ती जमीन परत मागत तिथे जाऊन बसली. तंबू, झोपड्या, समुद्राचा वारा, आणि ५०६ दिवस. तिथे लागलेल्या आगीत एक लहान मुलगी गेली, तरी ती माणसं हलली नाहीत. २५ मे १९७८ रोजी पोलीस आणि लष्कर आलं, २२२ जणांना अटक झाली.

करार मोडल्याच्या माओरींच्या तक्रारी तपासणारं वाइटांगी न्यायाधिकरण १९७५ मध्येच स्थापन झालं होतं, पण जुने अन्याय तपासायची मुभा त्याला नव्हती. १९८५ मध्ये ती १८४० पर्यंत मागे नेण्यात आली. ओराकेईचा, म्हणजे याच टेकडीच्या परिसराचा, न्यायाधिकरणाचा अहवाल १९८७ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी सरकारने जमीन परत करायचं मान्य केलं. २०१२ च्या कायद्याने माफी मागितली गेली, १ कोटी ८० लाख डॉलर दिले गेले. एवढ्या रकमेत गेलेल्या जमिनीची भरपाई होत नाही, आणि तसा दावाही कुणी करू नये. मला मोल वाटतं ते कबुलीचं. चूक आमची होती, हे सरकारने कायद्यात लिहून ठेवलं.

आणि जमीन परत मिळाल्यावर त्या लोकांनी काय केलं? टेकडीवरचा मोठा भाग सगळ्यांसाठी खुला ठेवला. आपली मुलं तिथे पतंग उडवतात.

येत्या ६ फेब्रुवारीला, म्हणजे वाइटांगी कराराच्या दिवशी, मुलांना घेऊन तिथे या. मी सकाळी दहाला टेकडीवर असेन, ही गोष्ट त्यांना तिथेच सांगू.